घरात आलेलं मांजर आणि त्याचं ताट

मांजर एका कोपऱ्यात वाकून बसतं, त्याचं पोट आत-बाहेर होऊ लागतं, घशातून आवाज येतो आणि शेवटी फरशीवर केसांची ओलसर, लांबट गुंडाळी पडते. मांजर पाळणाऱ्यांना हे दृश्य चांगलंच ठाऊक असतं. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना सुटलेले केस त्यांत अडकतात आणि मांजराला ते गिळावेच लागतात. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात, ते पोटात पचत नाहीत. बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात. जे जठरात साठतात, ते असे उलटून पडतात.

अशा मांजरांसाठी दुकानात वेगळं खाद्य मिळतं. ते घ्यावं का, हा प्रश्न साधा वाटतो. पण कायम घरात राहणाऱ्या मांजराच्या बाबतीत त्याआधी दुसरा प्रश्न येतो: या पिशवीत मांजराला लागणारं सगळं आहे का? या प्रश्नाचं महत्त्व कळेपर्यंत हजारो मांजरं दगावली होती.

मांजर माणसाजवळ हजारो वर्षं राहिलं, पण राहिलं ते अर्धं बाहेरच. घरातून मिळेल ते खायचं आणि उरलेली भूक उंदीर, पाली, पाखरांवर भागवायची, असा त्याचा क्रम होता. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो यांनी मांजराच्या मलमूत्रासाठी राख किंवा वाळूऐवजी मुलतानी मातीसारख्या शोषक मातीचे दाणे विकायला सुरुवात केली. त्यामुळे वास आटोक्यात आला आणि मांजराला चोवीस तास घरात ठेवणं सोयीचं झालं. पुढच्या दशकांत डबाबंद आणि कोरडं दाणेदार खाद्यही घरोघरी पोचलं. यात एक गोष्ट नकळत घडली. मांजराचा उंदीर सुटला. आता खाद्यात जे कमी असेल, ते भरून काढायला त्याला दुसरी जागा उरली नाही.

काय कमी होतं, ते तुकड्यातुकड्यानं उलगडलं. १८२७ साली टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तरसातून एक पदार्थ वेगळा केला होता. लॅटिनमधल्या 'बैल' या शब्दावरून त्याला टॉरिन हे नाव मिळालं. माणूस टॉरिन आपल्या शरीरात तयार करू शकतो, त्यामुळे आहारतज्ज्ञांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७५ साली हेज, कॅरी आणि श्मिट यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. प्रथिन म्हणून फक्त केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, खाणाऱ्या मांजरांच्या डोळ्यांतला दृष्टिपटल झिजत होता आणि त्यांच्या शरीरात टॉरिन कमी पडलं होतं. मांजराला टॉरिन फारच थोडं बनवता येतं. शिवाय त्याची पित्ताम्लं केवळ टॉरिनशीच जोडली जातात. माणसाप्रमाणे टॉरिनऐवजी ग्लायसिन वापरण्याची सोय त्याला नाही. त्यामुळे पित्ताबरोबर टॉरिनचा खर्च रोज चालूच राहतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. खाद्यात टॉरिन असतं, असं मानलं जात होतं. तरीही दरवर्षी हजारो पाळीव मांजरं हृदयाचा स्नायू सैल पडून मरत होती आणि कारण कळत नव्हतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं. बाजारातलं खाद्य खाणाऱ्या २१ आजारी मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी आढळलं. वेगळ्या एका प्रयोगात ११ मांजरांना चार वर्षं जेमतेम टॉरिन असलेला आहार दिला होता. त्यांतल्या दोघांची हृदयंही तशीच झाली होती. तोंडावाटे टॉरिन दिल्यावर हृदयाचं काम पूर्ववत होऊ लागलं! त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि हा आजार झपाट्यानं कमी झाला.

पण आधी टॉरिन असूनही ते कमी का पडलं? डबाबंद खाद्य उष्णतेनं निर्जंतुक करताना त्यात जे बदल होतात, त्यांमुळे मांजराच्या आतड्यातले जीवाणू टॉरिनचा जास्त नाश करतात. म्हणून अमेरिकेतल्या मानकांत कोरड्या खाद्यासाठी शुष्क वजनाच्या ०.१ टक्के टॉरिन लागतं, तर डबाबंद खाद्यासाठी ०.२ टक्के. डब्यात किती आहे, एवढं मोजून भागत नाही. मांजराच्या रक्तात किती पोचलं, हेही पाहावं लागतं.

आपल्याकडे मांजराला दूधभात किंवा दूधपोळी घालायची रीत आहे. वाड्यात, शेतावर ती खपून गेली, कारण उरलेलं काम उंदरांनी केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात तोच दूधभात मांजराचं मुख्य अन्न झाला, तर ते १९७५च्या प्रयोगातल्या मांजरांच्या जवळ जातं. भात आणि पोळीत टॉरिन नसतं, गाईच्या दुधात ते नाममात्र असतं. मांस आणि मासे हे त्याचे खरे स्रोत.

आता केसांच्या गोळ्यांकडे परत येऊ. त्यासाठीच्या खाद्यात तंतुमय पदार्थ वाढवलेले असतात: सेल्युलोज, बीटाचा चोथा, कधी आपल्या ओळखीचं इसबगोल. केस अन्नाबरोबर पुढे सरकावेत, ही त्यामागची कल्पना. लांब केसांच्या मांजरांत तंतूंमुळे विष्ठेतून जास्त केस गेल्याचं प्रयोगात दिसलं आहे, आखूड केसांच्या मांजरांत मात्र तसं दिसलं नाही. म्हणून आधी पिशवीवर 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं आहे का आणि घटकांत टॉरिन आहे का, ते पाहावं. तंतूंचा विचार त्यानंतर. रोज विंचरून काढलेला प्रत्येक केस पोटात जायचा वाचतो, हा उपाय तर बिनखर्चाचा. गोळे वारंवार पडू लागले, तर पिसवा, त्वचेची खाज किंवा आतड्याचा विकार यांचा संशय घ्यावा. मांजर जेवेनासं झालं आणि नुसतंच उबळत राहिलं, तर मात्र खाद्य बदलत बसू नये, लगेच पशुवैद्याकडे न्यावं.

वर्गात मुलांना एक काम देता येईल. घरच्या किंवा शेजारच्या मांजरानं आठवडाभरात काय काय खाल्लं, याची यादी त्यांना करायला सांगावी, त्यानं स्वतः पकडलेलं धरून. मग घरात राहणाऱ्या आणि बाहेर फिरणाऱ्या मांजरांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. घरातल्या यादीत काय नाही, ते मुलंच सांगतील.