दोरीवरच्या विमानापासून ड्रोनपर्यंत

27 जून 2021 च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून दोन स्फोटकं टाकली गेली. एका इमारतीच्या छताला भगदाड पडलं, दोन हवाई सैनिक किरकोळ जखमी झाले. त्याच रात्री रत्नूचक-कालूचकच्या लष्करी हद्दीवर पुन्हा ड्रोन दिसले आणि क्विक रिअ‍ॅक्शन टीमने त्यांच्यावर गोळीबार केला. आम्ही तेव्हा त्या भागात होतो. नेमके कुठे आणि कोणत्या कामावर, ते लिहीत नाही. फौजेत राहिलेल्यांना कारण सांगायला नको.

पुढचे कित्येक दिवस आमच्या संतऱ्यांच्या माना वर होत्या. चांदणी जरा लुकलुकली तरी वायरलेस बोलू लागायचा. एका रात्री मी पोस्ट चेक करायला गेलो, तेव्हा बीडकडचा एक तरुण शिपाई ड्युटीवर होता. मला ड्रोनचा नाद आहे हे पलटणीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही तर हे उडवलेत. आवाजावरून कळतं का हो, कुणाचं आहे ते?"

मी म्हणालो, "पंखे लहान की मोठे, वजन आहे की नाही, याचा अंदाज येतो. उडवणारा कोण, ते नाही कळत."

त्याचा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. आपल्या देशात या छंदावर जे जे नियम आले, त्या प्रत्येकाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. मी त्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे, खाली बंदूक घेऊन आणि मैदानात रिमोट घेऊनही. म्हणून हा इतिहास मला जसा दिसला तसा लिहितो.

सुरुवात पतंगापासून करावी लागेल, आणि यात गंमत नाही. 1934 च्या एअरक्राफ्ट अ‍ॅक्टमध्ये 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत फुगे, ग्लायडर यांच्याबरोबर पतंगही होता. म्हणजे संक्रांतीला गच्चीवर चढणारं प्रत्येक पोर कायद्याच्या लेखी विमानच उडवत होतं. अमृतसरला आमची पलटण होती तेव्हा लोहडीच्या दिवसांत आख्खं शहर गच्चीवर असायचं. तिथे पतंगाला गुड्डी म्हणतात. कोणी कोणाला परवाना विचारत नव्हतं. मांजा धरून खाली गेलं की दुसऱ्या टोकाला माणूस सापडतोच.

माझं पहिलं विमानसुद्धा दोरीवरचंच. 1994-95 साली पुण्यात कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलो. कंट्रोल लाइन म्हणतात त्या प्रकारात विमानाच्या पंखातून दोन पोलादी तारा निघतात, पन्नास-साठ फूट लांब, आणि त्या तुमच्या हातातल्या हँडलला येतात. हँडल वर तिरकं केलं की विमान वर, खाली केलं की खाली. विमान तुमच्याभोवती गोल फिरतं आणि तुम्ही त्याच्याबरोबर स्वतःभोवती. पहिल्या दिवशी सहा चकरांत मी मैदानात आडवा झालो होतो आणि विमान माझ्या शेजारी दोन तुकड्यांत.

इंजिन कोलकात्यात बनलेलं ऑरोरा. इंधन म्हणजे इथर, एरंडेल आणि रॉकेल. पंखा बोटाने फटकारून सुरू करायचा, त्यात बोट फुटायचं. तो वास अजून नाकात आहे. रूममेट म्हणायचे, हा दवाखान्यातून आला की गॅरेजमधून? बाल्सा लाकूड महाग, म्हणून मोडलेली फासळी फेकायची नाही, चिकटवायची. एक विमान बांधायला महिना आणि मोडायला मिनिट. या हिशोबात जो टिकायचा तोच उडवायचा, दुसरा परवाना लागत नव्हता.

मग मी फौजेत भरती झालो आणि विमान गावी माळ्यावर गेलं. मधल्या काळात तारांची जागा रेडिओने घेतली. आपल्याकडे 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. वायफायसाठी तो महत्त्वाचा होताच, पण नवे रिमोटही त्याच पट्ट्यावर आले. तरी रेडिओवरचं विमान शिकायला महिने लागत आणि शिकवणारा उस्ताद लागे.

जानेवारी 2013 मध्ये चिनी कंपनी डीजेआयचा फँटम बाजारात आला आणि उस्तादाची गरज संपली. चार मोटर, दोन एका दिशेने फिरणाऱ्या, दोन उलट्या. तोल सांभाळायला सेन्सर आणि जागा धरायला जीपीएस. रिमोट सोडून दिला तरी तो हवेत उभा राहतो. डब्यातून काढा, चार्ज करा, उडवा. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी तारीख हीच. यापुढे उडवणारा कसलेला आहे, जबाबदार आहे, हे गृहीत धरता येईना. सरकारलाही येईना.

मे 2014 मध्ये मुंबईत एका पिझ्झावाल्याने ड्रोनने पिझ्झा पोचवल्याचा व्हिडिओ गाजला, पोलिसांनी विचारणा केली. 7 ऑक्टोबर 2014 ला डीजीसीएची जाहीर सूचना निघाली: नियम तयार होईपर्यंत कोणत्याही बिगरसरकारी संस्थेने किंवा व्यक्तीने कोणत्याही कारणासाठी नागरी हवाई क्षेत्रात मानवरहित विमान उडवू नये. तात्पुरती म्हणून आलेली ही बंदी चार वर्षं टिकली.

आता माझा कबुलीजबाब. 2015 मध्ये आम्ही सिकंदराबादला पीस पोस्टिंगवर होतो. पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून मी एक क्वाडकॉप्टर बांधला. साडेचारशे मिलीमीटरची फ्रेम, केके-2 बोर्ड, चार मोटर. जीपीएस नाही, कॅमेरा नाही. रविवारी रिकाम्या मैदानात उडवायचो, जवानांची मुलं जमायची. पाच महिने असे गेले. मग एक तरुण कॅप्टन साहेब मोबाइल पुढे करून म्हणाले, "ये तो पिछले साल से बंद है, आपको पता नहीं?" मी ती सूचना उभ्या उभ्या वाचली. जो माणूस रोजची रूटीन ऑर्डर वाचल्याशिवाय चहा घेत नाही, तो पाच महिने बंदी मोडत होता! संध्याकाळी पंखे काढले, बॅटरी वेगळी केली आणि क्वाड काळ्या पेटीत थंडीच्या जर्सीखाली ठेवला.

नियम आले 2018 मध्ये. 27 ऑगस्टला जाहीर झाले, 1 डिसेंबरपासून लागू. वजनाप्रमाणे पाच वर्ग: 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, मग 25 किलो, 150 किलो आणि त्यापुढे. नॅनो पन्नास फुटांखाली जवळपास मोकळा. उंचीची हद्द 400 फूट. आंतरराष्ट्रीय सीमेपासून 25 किलोमीटरच्या आत बंदी, त्यात एल.ओ.सी. आणि एल.ए.सी. दोन्ही. या 250 ग्रॅमच्या रेषेने जगभर काय केलं बघा: 2019 मध्ये डीजेआयने मॅविक मिनी काढला, वजन 249 ग्रॅम. जपानमध्ये तेव्हा मर्यादा 200 ग्रॅम होती, तिथे हाच ड्रोन 199 ग्रॅमचा.

आपल्या नियमांत नवी गोष्ट होती 'नो परमिशन, नो टेकऑफ'. डिजिटल स्काय नावाच्या सरकारी मंचावर कुठे, कधी, किती उंचीवर उडणार ते कळवायचं. परवानगी डिजिटल सहीच्या फाइलच्या रूपात येणार, ड्रोनचा मेंदू ती तपासणार, आणि फाइल नसेल तर मोटर फिरणारच नाही. मला वाचल्यावर एन.सी.सी.च्या त्या दोन तारा आठवल्या. तारा परत येत होत्या, फक्त या वेळी हँडल दिल्लीत. कल्पना मला पटली होती. पण माझ्या केके-2 बोर्डाला आपण कुठे आहोत हेच कळत नव्हतं, तो परवानगी काय तपासणार? पेटी उघडलीच नाही.

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाबच्या तरनतारन भागात सीमेपलीकडून ड्रोनने हत्यारं टाकल्याचं प्रकरण उघड झालं. ज्या आकाशात आम्ही गुड्ड्या पाहिल्या त्याच पट्ट्यात आता रात्री एके-47 उतरत होत्या. त्या ड्रोनच्या मालकाने अर्थातच कुठला फॉर्म भरला नव्हता. जानेवारी 2020 मध्ये सरकारने सगळ्यांना स्वतःहून ड्रोन जाहीर करायला 31 तारखेपर्यंत मुदत दिली. ही सवलत चांगली होती, भीती न बाळगता नाव सांगता येत होतं. गावी पुतण्या लग्नाच्या शूटिंगला ड्रोन वापरायचा. त्याला फोन करून मी त्याचा ड्रोन जाहीर करायला लावला. तो म्हणाला, "काका, आपणच जाऊन पोलिसांना पत्ता द्यायचा?" मी म्हणालो, हो.

मार्च 2021 मध्ये आणखी कडक नियम आले: 25 फॉर्म आणि 72 प्रकारची फी. आणि जूनमध्ये जम्मू.

त्यानंतर श्रीनगर, राजौरी आणि कठुआ जिल्ह्यांत प्रशासनाने ड्रोनवर बंदी घातली. श्रीनगरच्या आदेशात होतं की ज्यांच्याकडे ड्रोन आहेत त्यांनी पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. आमच्या रेझिंग डेचे फोटो काढायला एक पोरगा यायचा, तिकडच्याच डोंगरातला. कर्ज काढून त्याने ड्रोन घेतला होता, त्यावर लग्नं आणि पर्यटकांचे व्हिडिओ करून बहिणीची फी भरायचा. तो भेटला तेव्हा पाकिटातून पावती काढून दाखवली. "साब, आप फौज में हो, बताओ, वापस कब मिलेगा?" पावतीवर ड्रोनचं नाव होतं, त्याचं नाव होतं, शिक्का होता. परत देण्याची तारीख नव्हती. आदल्या रात्री मी स्वतः आकाशाकडे बघत उभा होतो, त्यामुळे बंदी चूक आहे असं मला म्हणता येईना. उत्तरही देता येईना. लंगरमधून त्याला चहा दिला.

यानंतर झालं ते कोणालाच अपेक्षित नव्हतं. हल्ल्याला तीन आठवडे होत नाहीत तोच सरकारने आधीपेक्षा सैल नियमांचा मसुदा काढला आणि 25 ऑगस्ट 2021 ला ड्रोन नियम लागू झाले. फॉर्म 25 वरून 5, फी 72 प्रकारांवरून 4. नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. हिरव्यात 400 फुटांपर्यंत परवानगी नको. धंदा करायचा नसेल तर मायक्रोपर्यंत पायलटचं लायसन्स नको. घरी बांधलेल्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट नको, नोंदणी मात्र हवी. पलटणीत काहींना हे बघून राग आला. मला सरकारचं बरोबर वाटलं. फॉर्म वाढवल्याने पलीकडून येणारा ड्रोन थांबत नाही, त्याला जॅमर आणि रडार लागतं. फॉर्म भरतो तो पुतण्यासारखा माणूस, आणि त्याचं नाव आपल्याकडे असावं हाच तर हेतू आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, संरक्षण आणि संशोधन वगळून. सुट्या भागांना मात्र परवानगी राहिली. गंमत अशी की त्यामुळे छंदवाल्यांना पुन्हा सोल्डरिंग हातात घ्यावं लागलं.

मी जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालो. त्याच पावसाळ्यात मराठवाड्यातल्या गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. चोर पाहणी करतात अशी अफवा पसरली. एका रात्री साडेअकराला फोन वाजला. बीडचा तोच शिपाई, आता नाईक झालेला, सुट्टीवर आला होता. "साहेब, गावातली माणसं काठ्या घेऊन जागी बसलीत. वर लाइट दिसतेय. मला म्हणतात, तू फौजी, सांग कुणाचं आहे."

मागून कुत्री भुंकत होती, बायकांचे आवाज येत होते. जम्मूत जे उत्तर दिलं तेच द्यावं लागलं. सांगितलं, दगड मारू नका, पडला तर कोणाच्या तरी डोक्यात पडेल. दिशा आणि वेळ लिहून ठेव, पोलीस पाटलाला घेऊन ठाण्यात कळव. आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसावर कोणी हात टाकू नये, एवढं बघ. तो पहाटेपर्यंत लोकांबरोबर बसून राहिला.

ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, 8 आणि 9 मे 2025 च्या मधल्या रात्री, 36 ठिकाणी सुमारे 300 ते 400 ड्रोन आल्याचं सरकारने सांगितलं. अनेक जिल्ह्यांत पुन्हा बंदीचे आदेश निघाले. पुतण्याची लग्नसराईतली दोन कामं गेली, त्याने तक्रार केली नाही. सप्टेंबरमध्ये नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा आला, त्यात ड्रोन जप्तीची आणि तुरुंगवासाचीही तरतूद होती. सरकारने लोकांच्या सूचना मागवल्या.

मी एक पान लिहून पाठवलं, जमेल तेवढ्या सरकारी भाषेत. पहिली मागणी, घरी बांधलेल्या दोन किलोखालच्या मॉडेलसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक नेमून दिलेलं मैदान असावं, एन.सी.सी.च्या देखरेखीखाली चालेल. दुसरी, सुरक्षेच्या कारणाने ड्रोन जमा करून घेतला तर पावतीवर फेरविचाराची तारीख लिहिलेली असावी. दुसऱ्या मागणीखाली राजौरीकडच्या त्या पोराची हकीकत लिहिली, नाव न घालता. पुतण्याने ते टाइप करून ईमेलने पाठवलं आणि विचारलं, "काका, पेटीतल्या क्वाडची नोंदणी कधी करायची?" त्याची बॅटरी केव्हाच फुगली आहे. नवी मागवली आहे, आली की बघू.