एकटा खलाशी आणि चुकांची पिशवी



परगावी मुक्काम पडला म्हणजे आपण काय करतो? गाठोडे उशाशी घेतो आणि निजण्यापूर्वी गावातल्या एखाद्या जाणत्याला विचारतो, ‘काय हो, इथं चोराचिलटाचं भय कितपत?’ मग ज्याचे घरच पाण्यावर तरंगते, सोबतीला कोणी नाही आणि मुक्काम परमुलखाच्या किनाऱ्यावर, त्याने काय करावे? जोशुआ स्लोकम या खलाशाची हकीगत या बाबतीत ऐकण्याजोगी आहे.

स्लोकमचा जन्म १८४४ सालचा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. एक मोडकळीस आलेली शिडाची होडी त्याने स्वतःच्या हाताने नव्याने बांधली. लांबी सुमारे ३७ फूट, नाव ‘स्प्रे’. २४ एप्रिल १८९५ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून तो एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला.

अटलांटिक ओलांडून तो जिब्राल्टरला पोचला. पुढे भूमध्य समुद्र आणि सुएझ कालवा, असा त्याचा बेत होता. पण त्या वाटेवर चाचे आहेत, असे तिथल्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांनी सांगितले. स्लोकमने हट्ट धरला नाही. सरळ होडीचे तोंड फिरवले आणि पश्चिमेची वाट धरली! तरीही मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ एक जहाज त्याच्या पाठीस लागलेच. वारा चढत होता. स्लोकमने वेळीच शीड आखडले. पाठलाग करणाऱ्यांनी मात्र शिडे ताणूनच ठेवली होती. एक प्रचंड लाट आली. तिने स्प्रेच्या शिडाचा आडवा वासा मोडला. पण त्याच लाटेने चाच्यांची डोलकाठीही कोसळली.

१८९६ च्या फेब्रुवारीत तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, चिली देशातल्या पुंता आरेनास बंदरात आला. पुढे मॅगेलनची सामुद्रधुनी. तिथे लुटारू होड्यांतून येतात, तेव्हा सोबत माणसे घ्या, असे बंदराच्या अधिकाऱ्याने बजावले. पण यायला कोणी तयार होईना. अखेर सॅम्ब्लिच नावाच्या एका अनुभवी ऑस्ट्रियन गृहस्थाने त्याला पिशवीभर चुका दिल्या. चुका म्हणजे बारीक खिळे, बरे का! आणि वर सांगितले, की यांवर तुमचाच पाय पडणार नाही एवढे पाहा.

वाटेत होड्या दिसताच स्लोकम एका दाराने आत जाई, कपडे बदलून दुसऱ्या दाराने बाहेर येई. लाकडाच्या एका ओंडक्याला कपडे चढवून त्याने दोरीने हलणारे बुजगावणेही उभे केले. पाहणाऱ्यास वाटावे, होडीवर तीन माणसे आहेत! पुढे एका मुक्कामी त्याने डेकवर चुका पसरल्या आणि खाली निजला. मध्यरात्री अनवाणी माणसे वर चढली, आणि एकच किंकाळ्या उठल्या. कोणी आपल्या होडीत, कोणी थेट पाण्यात उड्या टाकल्या. कुणाचा जीव मात्र गेला नाही.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. हा मुलूख मुळात त्या होडीवाल्या लोकांचा. शतकाच्या अखेरीस तिथे मेंढ्यांचे कळप घेऊन आणि सोने शोधत गोरे लोक आले. मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या, साथीच्या रोगांनी माणसे गेली. टिएरा डेल फ्यूगो बेटावर तर माणसांची शिकार झाली. तेव्हा त्यांच्या दृष्टीने चोर कोण, हेही आपण मनाशी विचारावे.

२७ जून १८९८ रोजी, सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास संपवून स्लोकम न्यूपोर्टला परतला. पृथ्वीला एकट्याने जलप्रदक्षिणा घालणारा तो पहिलाच. बंदूक त्याच्यापाशी होती. पण त्याला खरे तारले ते स्थानिकांच्या सल्ल्याने, वाकडी वाट पत्करण्याच्या शहाणपणाने आणि निजण्यापूर्वीच्या तयारीने. आजही परदेशी किनाऱ्याला लागणारे शहाणे नौकाप्रवासी आधी बंदरात चौकशी करतात आणि रात्री छोटी होडी वर ओढून, दारे बंद करूनच निजतात.

गुरुजनांनी नकाशावर ही वाट मुलांना जरूर दाखवावी, आणि चुकांची गोष्टही सांगावी. दोन्ही बाजूंनी.