फार्नहॅम उद्यान आणि जमिनीखालच्या धनाची मालकी

इंग्लंडच्या सरी परगण्यातील फार्नहॅम उद्यान हे मुळात विंचेस्टरच्या बिशपांचे राखीव हरणवन होते; त्यांच्या किल्ल्याला लागून असलेली ही जमीन पुढे स्थानिक नगरसंस्थेच्या मालकीची आणि सर्वांना फिरण्या-खेळण्यासाठी खुली झाली. १९९२ मध्ये तेथे मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी शोधकाला सुमारे नऊ इंच खोलीवर मध्ययुगीन सोन्याचा ब्रोच, म्हणजे वस्त्राला लावायची शोभेची पिन, सापडला आणि त्याच्या मालकीवरून ‘वेव्हर्ली बरो कौन्सिल विरुद्ध फ्लेचर’ हा खटला उभा राहिला.

असे प्रश्न वारंवार उद्भवू लागले ते यंत्रामुळे. तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यात आलेल्या धातूत प्रेरित प्रवाह निर्माण होऊन यंत्राला त्याची चाहूल लागते, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातच ज्ञात होते; १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी ते वापरून पाहिले, पण त्यांना यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी घडवलेले सुरुंगशोधक यंत्र एल अलामीनच्या लढाईत उपयोगी पडले, आणि पुढे ट्रान्झिस्टरमुळे यंत्रे हलकी व स्वस्त झाल्यावर १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये नाणी शोधण्याच्या छंदाला भरती आली. पुरातत्त्वज्ञांनी त्याला कडवा विरोध केला. छंदिष्टांचे हेतू त्यात सरसकट संशयास्पद ठरवले गेले हे खरे असले, तरी थर विस्कटला की पुरावाही नाहीसा होतो, हा त्यांचा मूळ आक्षेप बिनतोड होता.

कायद्याला मात्र थराशी देणेघेणे नव्हते. परत काढून नेण्याच्या हेतूने पुरलेले आणि मूळ मालक अज्ञात असलेले सोने-चांदी राजाचे, हा जुना इंग्रजी नियम राजाच्या महसुलासाठी होता. हरवलेली किंवा मृतासोबत ठेवलेली वस्तू त्यात बसत नसे. हेतूचा निर्णय कॉरोनर करी; अपमृत्यूंच्या चौकशीमुळे मुंबईलाही पूर्वी परिचित असलेला हा अधिकारी इंग्लंडमध्ये गुप्तधनाचीही चौकशी करीत असे. १९३९ मध्ये सटन हू येथील नौकासमाधीतील ऐवज याच कारणाने जमीनमालकिणीचा ठरला, आणि तिने तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

फार्नहॅमचा ब्रोचही राजाचा नाही, असे ठरल्यावर वाद शोधक आणि नगरसंस्था यांच्यात उरला. खालच्या न्यायालयाने शोधकाच्या बाजूने दिलेला निकाल अपील न्यायालयाने १९९५ मध्ये फिरवला: पृष्ठभागावर पडलेल्या वस्तूवर जमीनमालकाचा हक्क सहसा आपोआप येत नाही, पण जमिनीत रुतलेल्या वस्तूवर त्याचा हक्क शोधकापेक्षा वरचढ असतो, शिवाय उद्यानात विरंगुळ्याची मुभा असली तरी खणणे त्या मुभेत मोडत नाही.

भारतात १८७८ च्या गुप्तधन अधिनियमाने हेतूचा हा घोळ टाळला होता. जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू त्याच्या कक्षेत येते, दहा रुपयांहून अधिक किमतीची असल्यास कलेक्टरला कळवावी लागते, आणि सरकारने ती घेतली तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश रक्कम अधिक द्यावी लागते. ही मोजदाद किती अपुरी आहे, ते १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे मिळालेल्या साठ्यावरून कळते. तेथील तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा कोणत्याही एका नाण्यात नव्हे, तर ती सारी एकत्र सापडण्यात होता.

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ चा नवा कायदा पुढच्या वर्षी अमलात आला आणि हेतूची अट गेली. तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के मौल्यवान धातू असलेली एखादी सुटी वस्तूही, नाणे नसल्यास, गुप्तधनात मोडू लागली, त्यामुळे तोच ब्रोच नंतर सापडता तर नगरसंस्थेलाही मिळाला नसता. या कायद्यात न बसणाऱ्या वस्तूंसाठी १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ऐच्छिक नोंदणी योजना पुढे वेल्सलाही लागू झाली; तीत वस्तू नोंदीनंतर परत दिली जाते, आणि ती नेमकी कोठे सापडली, हे टिपून ठेवले जाते.