गाडी पुढे नेण्याचा अधिकार (भारतीय रेल्वे)

दोन स्टेशनांमधल्या मार्गावर गाडी नेण्यासाठी लोको पायलटला मिळणारी परवानगी. ती सिग्नलने, टोकनाने किंवा लेखी मिळते. सध्याची सर्वसाधारण नियमावली 1976 ची आहे.

बहुतांश मार्गांवर ‘ॲब्सोल्यूट ब्लॉक’ पद्धत चालते: दोन स्टेशनांमध्ये एका मार्गावर एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय मागच्या स्टेशन मास्तरला गाडी सोडता येत नाही. आधीची गाडी अखंड आत आल्याची खात्री झाल्यावरच लाइन क्लिअर द्यायचा असतो. म्हणून शेवटच्या डब्यामागची ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल) पाटी किंवा लाल दिवा डोळ्यांनी पाहणे, हे दिसायला किरकोळ काम साऱ्या पद्धतीचा कणा आहे. 20 ऑगस्ट 1995 रोजी फिरोजाबादजवळ जनावराला धडकून कालिंदी एक्स्प्रेस मार्गातच थांबली होती. ती पुढे गेली की नाही हे न पाहता मागून पुरुषोत्तम एक्स्प्रेस सोडली गेली. तीनशेहून अधिक माणसे दगावली.

एकेरी मार्गावर हा अधिकार पूर्वी हातात धरता येत असे. नील यंत्रातून निघणाऱ्या पोलादी गोळ्यावर ब्लॉकची, म्हणजे त्या दोन स्टेशनांमधल्या टप्प्याची, ओळख कोरलेली असे आणि ती वाचूनच पायलटने निघायचे. दोन्ही स्टेशनांची यंत्रे विजेने जोडलेली असल्याने एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नसे. वेताच्या कडीला लावलेल्या चामडी पिशवीतला गोळा चालत्या गाडीतून झेलायला सराव लागे. आता बहुतेक ठिकाणी स्टेशनाचा शेवटचा थांबा-सिग्नल हाच अधिकार असतो.

उपनगरी वाहतुकीला दोन गाड्यांत एवढे अंतर राखणे परवडत नाही; तिथे स्वयंचलित सिग्नल वापरतात. स्वयंचलित रंगीत सिग्नल भारतात प्रथम 1928 मध्ये मुंबईत व्हीटी ते भायखळा या मार्गावर आले. ‘ए’ अक्षर असलेला असा सिग्नल लाल असेल, तर मोटरमन दिवसा एक व रात्री दोन मिनिटे थांबतो आणि मग अत्यंत सावधपणे, अडथळा दिसताच थांबता येईल अशा वेगाने पुढे जातो. ‘ए’ नसलेल्या थांबा-सिग्नलला ही सवलत नाही. तिथे लेखी अधिकारपत्र, कॉलिंग-ऑन सिग्नल किंवा नियमात सांगितलेली अन्य परवानगीच लागते.

एकेरी मार्गावर संपर्काची सगळी साधने बंद पडली, तरी वाहतूक अंदाजाने चालवत नाहीत. सुटे इंजिन किंवा मोटर ट्रॉली लेखी अधिकार घेऊन, शिट्टी वाजवत संथपणे पुढच्या स्टेशनापर्यंत जाते आणि मागच्या गाड्यांसाठी लाइन क्लिअर आणते.