डोंगरावर जाऊन सांगा

नाताळ आला की मॉलमध्ये तीच ती दहा गाणी वाजत असतात. त्यातलं 'गो टेल इट ऑन द माउंटन' तुम्हीही ऐकलं असेल. एकदम टाळ्यांचं गाणं. डोंगरावर चढा आणि येशू जन्माला आल्याची बातमी सगळ्यांना सांगा, एवढंच त्याचं म्हणणं. मूळ मात्र अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या भजनांत, ज्यांना 'स्पिरिच्युअल' म्हणतात.

गुलामांचा नाताळ म्हणजे बऱ्याच मळ्यांवर चार दिवस सुट्टी. पण १ जानेवारीला गुलाम वर्षभरासाठी भाड्याने दिले जायचे, विकलेही जायचे. सुट्टी संपली की नवरा एका गावी, बायको दुसऱ्या!

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि १८६६ मध्ये नॅशव्हिलला, लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत, मुक्त झालेल्यांसाठी फिस्क शाळा निघाली. पाच वर्षांत ती कर्जात बुडाली. मग खजिनदार जॉर्ज व्हाइट १८७१ च्या ऑक्टोबरात नऊ विद्यार्थी घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. गंमत बघा, ही मुलं आधी गोऱ्यांच्या पसंतीची गाणी गात होती. आईबापांची भजनं दार लावून, आपापसांत. ती गुलामीची आठवण, परक्यांपुढे कशाला? नोव्हेंबरात ओबर्लिनला ती गायली आणि सभा थक्क झाली. १८७३ मध्ये राणी व्हिक्टोरियापुढे गाऊन झालं. (त्याच वर्षी आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं, गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण करून.) या पैशातून उभा राहिलेला ज्युबिली हॉल १८७६ पासून फिस्कमध्ये आहे.

आपलं गाणं कागदावर यायला अजून तीस वर्षं लागली. फिस्कमध्ये लॅटिन आणि ग्रीक शिकवणारे जॉन वेस्ली वर्क भाऊ फ्रेडरिकसोबत अशी गाणी गोळा करत. १९०७ च्या त्यांच्या संग्रहात हे आलं. धृपद परंपरेतलं, कडवी बरीचशी वर्क यांची असं मानतात. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ कोड कोणी लिहिला ते कुठेच नोंदलेलं नाही, हा मेंटेनर. अशा माणसाचा सत्कार व्हायला हवा ना? उलट, फिस्कमध्येच लोकगीतांबद्दल नाराजी होती आणि १९२३ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. दोन वर्षांनी ते गेले. लाज अजून गेली नव्हती तर.

ती कुठे गेली ते १९६० च्या दशकात मिसिसिपीत दिसतं. फॅनी लू हेमर मळ्यावर राबणारी बाई. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून मळेवाल्याने तिला त्याच दिवशी हाकललं. नंतर सभांमध्ये ती हेच गाणं गायची. फक्त बातमी बदललेली. येशूच्या जन्माऐवजी, मोशेने इजिप्तच्या राजाकडे केलेली मागणी: माझ्या माणसांना सोड. तेही चर्चच्या व्यासपीठावरून, खणखणीत आवाजात, बाहेर पोलिसांना ऐकू जाईल असं.