भाड्याची नाव

कंधारला समुद्र आहे असे मी म्हटले म्हणजे कोकणातले पाहुणे तोंडाला पदर लावून हसतात. हसोत बापडे! नांदेडच्या दक्षिणेला मन्याड नदीच्या काठी वसलेले आमचे हे गाव. खारे पाणी इथून शेकडो मैलांवर. तरीही राष्ट्रकूटांच्या काळच्या इथल्या शिलालेखात गावच्या तलावाचे नाव ‘जगत्तुंगसमुद्र’ असे कोरलेले आहे. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. तिसरा गोविंद त्याच नावाने ओळखला जाई. आणि पुढे तिसरा कृष्ण, ज्याची कारकीर्द इ. स. ९३९ ते ९६७ अशी धरतात, तो तर स्वतःला कंधारपुराचा अधीश्वर म्हणवून घेई. आज आम्ही त्या पाण्याला जगत्तुंग सागर म्हणतो. समुद्राचा सागर झाला एवढाच काय तो हजार वर्षांतला फरक.

इतिहासाच्या तासाला हे सगळे मोठ्या ऐटीत सांगत असताना मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, “गुरुजी, समुद्र होता तर जहाजं कुणाची होती?”

वर्ग हसला. मी मात्र त्या प्रश्नात अडकलो. राजांची नावे शिलालेखात सापडतात, किल्ल्याच्या दरवाजांवर सापडतात. नावेच्या मालकाचे नाव कुठे सापडायचे? नाव लाकडाची. दोन पिढ्यांत लाकूड कुजते आणि त्याबरोबर नावाड्याची हकीकतही कुजून जाते. शिवाय आमच्या मुलखातली नाव ही बहुधा भाड्याची. राजाला, सरदाराला, फौजेला, व्यापाऱ्याला किंवा वऱ्हाडाला जेव्हा पाणी आडवे येई तेव्हाच तिची आठवण व्हायची. पलीकडे पाय टेकला की ‘गरज सरो, वैद्य मरो’! म्हणून या दिवाळीला चकली-कडबोळ्यांबरोबर वाचकांपुढे ठेवायला मी या भाड्याच्या नावेचीच कथा निवडली आहे.

पूर्वी नदीकाठच्या गावात कोळी किंवा भोई हे नुसते मासे धरणारे नसत. गावाला पैलतीरी नेणे हे त्यांचे वतनासारखे काम असे. गावकऱ्याने दर खेपेला पैसा मोजायचा नाही. सुगीत खळ्यावर नावाड्याच्या पदरात धान्य पडायचे, तेच त्याचे वर्षाचे भाडे. परक्याने मात्र रोख द्यायचे. लग्नाचे वऱ्हाड न्यायचे असले तर नारळ, खण, वर बिदागी. देवाची पालखी न्यायची असली तर भाड्याची गोष्टच कोणी काढत नसे. म्हणजे पाण्यावरचे समारंभ आणि त्यांसाठी नावा ठरवणे हा काही आजचा शोध नव्हे. पंढरपुरात चंद्रभागेवर कोळ्यांच्या होड्या वारकऱ्यांना नेतात-आणतात आणि वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळातले पुजारीपणही महादेव कोळ्यांकडेच आहे. देवाच्या दारातला मान आणि पाण्यावरचा हक्क तिथे एकाच घरात नांदतात.

जिथे नाव नसे तिथे माणसे हातातले घेत. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधत. पश्चिमेकडे उसाच्या मुलखात गूळ आटवायची काहील पाण्यात सोडून तिच्यात बसत. गुऱ्हाळातली काहील नदीवर गरगर फिरत निघाली आहे आणि आत पाटीलबाई जीव मुठीत धरून बसल्या आहेत, हे चित्र कादंबरीत घालण्याचा मोह मला फार दिवसांपासून आहे.

पण ही नाव नेहमीच अशी गमतीची नव्हती. तिच्यावाचून राज्येच्या राज्ये अडली आहेत. १० ऑगस्ट १७६३ चा दिवस घ्या. ऐन पावसाळा, गोदावरी दुथडी भरलेली. निजाम अली राक्षसभुवनाजवळ नदी ओलांडत होता. थोडी फौज घेऊन तो स्वतः पलीकडे पोहोचला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडेच राहिला. एवढ्यात राघोबादादा आणि तरुण माधवराव पेशवे यांच्या फौजा येऊन आदळल्या. विठ्ठल सुंदर पडला, त्याच्या फौजेची वाताहत झाली आणि मालक पैलतीरावरून बघत राहिला. आमची क्रमिक पुस्तके या लढाईचे श्रेय पेशव्यांच्या तलवारीला देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु अर्धे सैन्य या तीरावर, अर्धे त्या तीरावर, अशी अवस्था शत्रूने केली नव्हती. ती नदीने केली होती. भरल्या गंगेत हजारो माणसे, घोडी आणि तोफा उतरवायला किती नावा लागतात आणि किती दिवस लागतात, हे त्या घाटावरच्या एखाद्या भोयाला विचारले असते तर त्याने बोटांवर मोजून सांगितले असते. दिवाणाच्या सल्लामसलतीत भोई कुठून बसणार!

चाळीस वर्षांनी याच नदीवर दुसरी फौज आली. जनरल वेलस्ली (पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच) १२ ऑगस्ट १८०३ रोजी नगरचा किल्ला घेऊन औरंगाबादेकडे निघाला. गोदावरीला पूर होता. या गृहस्थाने नावाड्यांची वाट पाहिली नाही. रानातल्या काटक्या-फांद्या विणून त्याने टोपल्यांसारख्या वाटोळ्या नावा करवल्या, त्यांवर बैलांची कातडी मढवली आणि त्यांतून फौज पलीकडे काढली. तुंगभद्रा-कृष्णेच्या काठी अशा टोपलीनावा पूर्वीपासून आहेत. साहेबाने ती विद्या म्हैसूरच्या स्वाऱ्यांत पाहून ठेवली होती. पुढे २३ सप्टेंबरला असईला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातली एकच गोष्ट टोचते. विद्या आमच्या नदीकाठच्या गरिबाची, कातडे आमच्या बैलांचे. आणि कौतुक मात्र साहेबाच्या योजकतेचे.

तलवारी म्यानात गेल्यावर व्यापाऱ्यांची पाळी आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सर आर्थर कॉटन नावाच्या इंजिनियराने गोदावरीच्या मुखाशी धवलेश्वरम् येथे मोठा बंधारा बांधून तो मुलूख हिरवा केला. तेवढ्यावर थांबणारा तो माणूस नव्हता. समुद्रापासून नावा चढवत चढवत गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांनी थेट वऱ्हाडच्या कापसापर्यंत न्यायच्या, असे त्याचे स्वप्न. वाटेत तीन ठिकाणी खडकांच्या अडसरांनी नदी अडलेली. त्यांना वळसा घालून कालवे आणि दरवाजे करायचे ठरले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून तळमळू लागल्या आणि या कामाला जोर चढला. आमच्या सिरोंच्याच्या रानात इंजिनियर, वडारी आणि नावाडी यांचे तांडे उतरले. पण १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली. आगगाडीला ना पूर अडवी, ना उन्हाळा. नावेला वर्षातले काही महिनेच पाणी. १८७१ साली काम सोडून दिले गेले.

आमच्या नांदेडकडेही १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आला. त्यानंतर गोदावरीवरची नाव म्हणजे या काठचे लोक त्या काठी नेण्यापुरती उरली.

आणि तेवढ्यावरही कायद्याची नजर होतीच. इंग्रजी मुलखात १८६८ च्या मुंबई तरी कायद्याने सरकारला वाटेल ती तर सार्वजनिक म्हणून ताब्यात घेण्याची आणि तिचे उत्पन्न लिलावाने देण्याची मुभा मिळाली. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ‘लिलाव’, ‘ठेका’ हे शब्द आमच्या तोंडी कमी. आम्ही ‘हर्राशी’ म्हणतो, ‘गुत्ता’ म्हणतो. शब्द कोणताही घ्या, त्यातली मेख एकच आहे. ज्याच्या बापजाद्यांनी नदीचा तळ पायांनी ओळखला तो बोलीला उभा राहू शकत नाही, कारण त्याच्याजवळ अनामत भरायला पैसा नसतो. बोली जिंकतो तो गुत्तेदार. त्याला पोहता येत असो वा नसो. आणि मग ज्याने खळ्यावरून मानाने धान्य उचलले त्याचाच नातू गुत्तेदाराच्या नावेत रोजाने वल्हे मारतो.

स्वातंत्र्यानंतर धरणे झाली आणि कोरड्या मराठवाड्यात एकाएकी पाणीच पाणी दिसू लागले. पैठणच्या जायकवाडीचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला. आमच्या तालुक्यात बारूळला मानारचे धरण, वर लिंबोटीला दुसरे. नांदेडजवळ विष्णुपुरीला शंकरसागर. पाणी आले म्हणजे नाव येणारच. पण कशी आली पाहा. जायकवाडीच्या पाण्याने वेढलेल्या गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची पोरे थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून, हातांनी पाणी मारत शाळेला जात. २०२३ साली वर्तमानपत्रांतून हे वाचून उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. मास्तर म्हणून सांगतो, हजेरीपटावर ‘ह’ लिहिताना त्या पोरांच्या मास्तरांचा हात थरथरत असेल. आणि इकडे नांदेड जिल्ह्यातच गोदावरीच्या पात्रात वाळू उपसायला इंजिनाच्या बोटी आणि तराफे रात्रंदिवस राबतात. अधूनमधून महसूल खात्याचे पथक येते आणि तराफे जाळते. चार दिवसांनी नवे तराफे तरंगतात. वाळूला बोट मिळते, पोराला मिळत नाही.

नाव ठरवताना माणसे भाडे विचारतात; नावाडी कोण, पाणी कसे, नाव किती माणसांची, हे विचारत नाहीत. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईच्या समुद्रात शिवस्मारकाच्या कामाच्या आरंभाला मंडळी बोटींतून निघाली. समारंभ पाण्यावरचा, थाट मोठा. त्यांतली एक वेगवान बोट बुडाली आणि एका तरुणाचा जीव गेला. ज्या राजाने सागरी किल्ल्यांवर आणि आरमारावर जिवापाड कष्ट घेतले त्याच्या स्मारकाच्या वाटेवर हे घडावे! २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. वळवाचे दिवस होते. वैशाखातली संध्याकाळ, आभाळ भरलेले; अशा वेळी जुना नावाडी नाव बांधून ठेवी आणि पाटलाने डोळे वटारले तरी सोडत नसे, कारण नाव त्याची स्वतःची असे आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही. रोजावरचा माणूस ‘नाही’ कसे म्हणणार?

हे लिहिताना मागच्या, २०२५ सालच्या अनंतचतुर्दशीची आठवण होते. लालबागचा राजा १९३४ साली सुरू झाला, तो तिथल्या कोळ्यांच्या आणि बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांच्या नवसाने. त्याचे विसर्जन गिरगावच्या समुद्रात वर्षानुवर्षे कोळ्यांच्या हातांनी होत आले. गेल्या वर्षी नवा, यंत्राचा तराफा आणला होता. ७ सप्टेंबरच्या सकाळी राजा चौपाटीवर आला, तोच भरती चढली. मूर्ती तराफ्यावर चढेना. दिवस कलला तरी राजा पाण्यातच, आणि विसर्जन झाले ते रात्री. मंडळाने भरतीचे कारण सांगितले. काही कोळी बांधवांनी बोलून दाखवले की आम्हांला विचारले असते तर वेळ आम्ही सांगितली असती. यंत्राविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. वल्हे हेही एके काळचे यंत्रच. पण भरती-ओहोटी पंचांगात जशी असते तशीच माणसाच्या अंगातही असते, आणि तराफ्याबरोबर ती भाड्याने मिळत नाही.

आता हर्राशी आणि गुत्ता यांच्या बाहेर राहिलेल्या नावेची एक गोष्ट सांगतो, नाहीतर सणासुदीला मी वाचकांना नुसते रडवले असे व्हायचे. उजनीच्याच जलाशयावर, भिगवणजवळ कुंभारगाव आहे. धरणात जमिनी गेल्या आणि लोक मासे धरू लागले. हिवाळ्यात तिथल्या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते बघायला पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली, तेव्हा मासेमारांनी आपल्याच होड्यांत चार फळ्या टाकून त्यांना नेण्यास आरंभ केला. आता लग्न ठरलेली जोडपीही तिथे फोटो काढायला येतात. मुलगी भरजरी शालू सावरत होडीत बसते आणि नवरदेव पाण्याकडे बघायचे टाळतो. होडी मासेमाराची, भाडे मासेमाराचे, आणि पक्षी कुठल्या अंगाला बसले आहेत हेही त्यालाच ठाऊक. थवा दिसला की तो इंजिन बंद करतो, हातात बांबू घेतो आणि पाहुण्यांना गप्प बसायची खूण करतो. पुण्याचे मोठे मोठे साहेबसुद्धा त्या वेळी मुकाट्याने गप्प बसतात.