केडगावची फळबाग आणि आमचा मावेजा

बिडकीनहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना येणारे 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आमच्या गावाचं नाव तुम्ही ऑरिकमुळे ऐकलं असेल. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी इथली जमीन गेली तेव्हा एकरी 23 लाख रुपये मावेजा मिळाला. म्हणजे पाच एकरवाल्याला 1 कोटी 15 लाख. कुणी त्यातून दुसरीकडे जमीन घेतली, कुणी रोडला गाळे काढले, कुणाच्या दारात मोठी गाडी आली. नावं ठेवायला मी इथे आलेलो नाही. पण जो पैसा एकदाच येतो आणि परत येणार नसतो, त्याचं करायचं काय, हा प्रश्न माझ्या वयाच्या पोरांपुढे खरा आहे. आणि त्यावर सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी बाईने फार नीट विचार केला होता. पंडिता रमाबाई.

रमाबाई शाळेच्या पुस्तकात भेटतात त्या विधवांच्या शिक्षणासाठी. त्यांचा पैशाचा हिशोब कुणी शिकवत नाही. मराठी ख्रिस्ती घरांत एक शब्द सारखा कानावर पडतो: कारभारी. खेड्यात बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, ते वेगळं! बायबलमधला कारभारी मालक नसतो. धन्याचा पैसा त्याच्या हातात असतो आणि कधीतरी हिशोब द्यायचा असतो. पैसा माझा नाही असं एकदा धरलं की तो उधळताही येत नाही आणि नुसता दाबूनही ठेवता येत नाही.

आता रमाबाईंचं लहानपण बघा. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस. हे कुटुंब तीर्थाटन करत पुराणं सांगायचं आणि जवळ होतं ते दानधर्मात, पूजाअर्चेत घालायचं. मग 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. हातात काही उरलं नव्हतं. मजुरी करावी तर सवय नाही आणि कमीपणाही वाटायचा. आई, वडील, मोठी बहीण, तिघंही गेले. राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. रमाबाईंनी पुढे हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय. वाचताना घशाशी येतं.

हे ऐकून 'तो त्यांचा जुना धर्म, आमचं तसं नाही' असं म्हणणारे आमच्यातही आहेत. मला ते पटत नाही. आज मोबाईलवर प्रवचन चालू असतं, खाली क्यूआर कोड असतो, आणि सांगतात, आधी पेरा, देव शंभरपट देईल. पोराची कॉलेजची फी भरायची राहिलेली असताना माणूस तिथे पैसे टाकतो. नाव बदललं, बाकी डोंगऱ्यांच्या घरात झालं तेच. दशांश द्यावा, मीही देतो. पण देणं म्हणजे कारभार नव्हे, कारभाराचा एक भाग.

आता मुद्द्याचं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, 1886 मध्ये त्या अमेरिकेत गेल्या. तिथे इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं केली, आणि 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं खर्च चालवायचा शब्द दिला. त्यावर मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

दहा वर्षं. स्टार्टअपवाले याला रनवे म्हणतात. बहुतेक जण रनवे संपत आला की नवा गुंतवणूकदार शोधायला पळतात. रमाबाईंनी मुदत संपायच्या आधीच जमीन बघितली. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावला, दौंड तालुक्यातल्या (नगरचं केडगाव वेगळं, गुगल मॅप गोंधळ करतो). बहुतेक माळरान. विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. विचार साधा होता: झाडं धरली की फळं विकून शाळेचा खर्च निघेल, दरवर्षी बोस्टनकडे बघायला नको. देणगीच्या पैशातून असं काही उभं करायचं, जे देणगी थांबल्यावरही पिकत राहील.

बाग मोठी व्हायच्या आतच 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे नियम कडक, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. जी जमीन उत्पन्नासाठी घेतली तिथे छपरं उभी राहिली. ते मुक्ती सदन.

इथे एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. बोस्टनचा पैसा शारदा सदनसाठी होता, आणि ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या अटीवर. या अटीवरूनच 1893 मध्ये पुण्यात वाद पेटला होता, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. दुष्काळातल्या मुली त्या अटीत बसत नव्हत्या. म्हणून मुक्तीचा खर्च वेगळ्या देणग्यांवर, वेगळा उभा केला. समोर उपाशी पोरी असताना 'आत्ता यातले वापरू, नंतर बघू' म्हणणं किती सोपं होतं! आपल्याकडे बचत गटापासून सोसायटीपर्यंत भांडणं कुठून सुरू होतात, तर इथूनच.

1900 पर्यंत, गुजरातच्या दुष्काळानंतर, केडगावला जवळपास दोन हजार माणसं झाली. एवढ्यांना फळबाग कुठून पोसणार? खरं सांगायचं तर तो मूळ हिशोब कधी जुळला नाही. देणग्या लागतच राहिल्या आणि त्यांसाठी प्रार्थनाही. पण सोबतीला विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, गाईगुरं, शेती, छापखाना. बायका खिळे जुळवायच्या, यंत्र चालवायच्या. ज्या घरात हाताला काम माहीत नव्हतं म्हणून तिघं भुकेने गेले, त्या घरातल्या मुलीने हे उभं केलं.

रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात छापलं गेलं. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. पुढे सगळं तिनेच बघायचं, असं ठरलेलं होतं. तरीही मुक्ती मिशन बंद पडलं नाही, केडगावला ते आजही चालू आहे. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात तर मध्येच स्टेशन लागतं.